सावित्रीमाई फुले : वस्तीसोबत शिकणारी शिक्षिका

दरवर्षी ३ जानेवारीला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या विहारांमध्ये सावित्रीमाईंची जयंती होते. प्रतिमेला हार घालतात, वंदना होते, मुलींची भाषणे होतात. बहुतेक भाषणांत तीन गोष्टी ठरलेल्या असतात : पहिली शाळा, अंगावर फेकलेले शेण आणि प्लेगमधला मृत्यू. तिन्ही प्रसंग मोठेच आहेत. पण माईंनी काम कसे केले, कोणाला सोबत घेतले, कोणाचे ऐकले, चुकणाऱ्या व्यवस्थेचा शोध कसा लावला, हे त्या भाषणांत क्वचित येते. वस्तीत काम करणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना मात्र नेमके तेच शिकायचे आहे.

आज समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहभागी कृती संशोधन नावाची पद्धत शिकवतात. तिचा अर्थ सोपा आहे. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्यांनीच तो प्रश्न मांडायचा, त्यांनीच माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, त्यावर कृती करायची आणि कृतीनंतर पुन्हा तपासायचे. बाहेरून आलेला अभ्यासक यात सोबती असतो, मालक नसतो. स्त्रीवादी संशोधनपद्धती यात आणखी एक मुद्दा घालते. बाईचा अनुभव हेही ज्ञान आहे. आणि अभ्यासक कुठे उभा आहे, त्याची जात, वर्ग आणि लिंग काय, यावर त्याला काय दिसते हे ठरते. माईंच्या काळात हे शब्द नव्हते, त्यामुळे ही पद्धत त्यांनी शोधली असा दावा करण्याची गरज नाही. पण त्यांचे आयुष्य या नजरेने वाचले, तर आपल्या कामाला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील, आईचे नाव लक्ष्मीबाई. १८४० साली नऊ वर्षांच्या सावित्रीचे लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाले. लग्नाच्या वेळी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे जोतीरावांनी त्यांना शिकवले. जोतीरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर ही बालविधवा होती. मिशनऱ्यांच्या घरी दाईचे काम करता करता तिला शिक्षणाचे मोल कळले होते. फुले घरातला ज्ञानाचा पहिला धागा असा एका कष्टकरी विधवेच्या अनुभवातून आलेला आहे, हे आपण विसरतो.

त्यानंतर सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांची नावे त्या संदर्भात चरित्रांमध्ये येतात. म्हणजे माई आधी स्वतः विद्यार्थिनी झाल्या. मोठ्या वयात पाटी हातात घेणे काय असते, चार लोक हसतात तेव्हा कसे वाटते, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सुरुवातीला मुली मोजक्याच होत्या. शाळेत जाताना माईंवर चिखल आणि शेण फेकले जाई, त्या सोबत दुसरे लुगडे ठेवत, ही आठवण त्यांच्या निकटवर्तीयांकडून पुढे आलेली आहे. विरोध घरातही पोहोचला. १८४९ मध्ये सासरे गोविंदरावांनी समाजाच्या दबावाखाली दोघांना घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. याच काळात फातिमा शेख त्यांच्या कामात सोबत होत्या. १८५६ साली माहेरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमाचा उल्लेख केला आहे. आपण आजारी असल्यामुळे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या पत्रात दिसतो. माळी समाजाची सावित्री आणि मुसलमान घरातली फातिमा एकमेकींच्या भरवशावर शाळा चालवत होत्या.

१८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत, तर १८५२ मध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. जातीबाहेर टाकलेल्या वस्तीतून मुले शाळेपर्यंत आणायची कशी, हा प्रश्न फक्त इमारत आणि फळा देऊन सुटणारा नव्हता. लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी वस्तीत फिरून मुले शाळेत आणली. वस्तीचा विश्वास असलेली माणसे या कामात पहिल्या दिवसापासून होती. बाहेरची संस्था येऊन शाळा देते आणि वस्ती ती घेते, असा हा व्यवहार नव्हता.

मुले शाळेत येतात आणि सोडून जातात, हेही लवकरच दिसले. कारण घरची गरिबी. मूल शाळेत बसले की त्याची मजुरी बुडते. माईंनी मुलांना टिकवण्यासाठी विद्यावेतन दिले आणि पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवण्यासाठी त्यांच्याशी बोलणे चालू ठेवले, असे चरित्रकार सांगतात. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांना दिवसाची शाळा निरुपयोगी होती. म्हणून १८५५ मध्ये फुले दाम्पत्याने स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली. शाळेच्या वेळेला माणूस जुळत नसेल तर माणसाच्या वेळेला शाळा जुळवायची, हा निर्णय वस्तीचा दिवस कसा जातो हे माहीत असल्याशिवाय घेता येत नाही. सहभागी कृती संशोधनाचे चक्र म्हणतात ते हेच. करून पाहायचे, अडते कुठे ते त्याच लोकांकडून समजून घ्यायचे, बदलायचे आणि पुन्हा करायचे.

पुण्यात १८५२ च्या संक्रांतीला महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगुळाचा कार्यक्रम झाला. कोणत्याही जातीची बाई आली तरी सर्वजणींना एकाच जाजमावर बसवले जाईल, असे आमंत्रणातच जाहीर केलेले होते. आज हे वाक्य साधे वाटते. त्या पुण्यात ते फार मोठे पाऊल होते. बायकांनी आपला अनुभव एकमेकींना सांगायचा तर आधी बसायची जागा समान हवी, हे माईंना कळले होते. स्त्रीवादी पद्धतीची सुरुवात प्रश्नावलीपासून होत नाही, बसण्याच्या जागेपासून होते.

या शिक्षणाचा खरा निकाल १८५५ मध्ये लागला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय पत्रात दोन भागांत छापून आला. आपल्याला धर्मग्रंथ वाचायचा अधिकार नसेल तर आपला धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. आपल्या समाजाला जमिनीवरून कसे हुसकले, पेशवाईत कसे छळले, हे तिने मांडले. महार-मांग बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय होते, हे तिने लिहिले.

हा निबंध कार्यकर्त्यांनी थांबून वाचावा असा आहे. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसणे, हा मुद्दा त्या काळच्या कोणत्याही सुधारकाच्या यादीत पहिला आला नसता. तो मुक्ताला दिसला, कारण ती त्याच वस्तीतली मुलगी होती. जात आणि बाईपण एकत्र येऊन काय करतात, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. शाळेने तिला अक्षरे दिली, मुद्दा तिने स्वतः आणला. शिक्षिकेने विद्यार्थिनीच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले असते, तर असा निबंध झालाच नसता.

शर्मिला रेगे यांनी पुण्याच्या विद्यापीठात, सावित्रीबाईंच्या नावाने असलेल्या स्त्री अभ्यास केंद्रात, हाच धागा पुढे नेला. १९९८ मध्ये त्यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली आणि पुढे दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर ग्रंथ लिहिला. जोतीरावांच्या तृतीय रत्न या नाटकाचे नाव घेऊन त्यांनी फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाचा विचार वर्गखोलीपर्यंत आणला. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी कमी हुशार नाही, तिला जे माहीत आहे ते अभ्यासक्रमात नाही, हा त्या विचाराचा गाभा आहे. त्याआधी १९८९ मध्ये मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून काढला. आम्हीही इतिहास घडवला, हे पुस्तकाचे नाव बोलणाऱ्या बायांच्या बाजूने ठेवलेले आहे.

माईंच्या आयुष्याकडे परत येऊ. १८६३ मध्ये फुले दाम्पत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना गर्भ राहिला की त्यांच्यापुढे जीव देणे किंवा मूल मारणे एवढेच उरत असे. त्यांनी गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवून जायचे हे त्यांनीच ठरवावे, अशी ही व्यवस्था होती. जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारला कळवले तोवर वेगवेगळ्या ठिकाणांहून पस्तीस स्त्रिया तिथे आल्या होत्या. बाळंतपणे सावित्रीबाईंनी स्वतः केली. त्यांच्यापैकीच एकीचा मुलगा १८७४ मध्ये त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. जी जात त्यांच्यावर शेण फेकत होती, त्याच जातीतल्या बायांसाठी त्यांनी दार उघडले आणि आलेल्या बाईचे गुपित गुपितच ठेवले. माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा नियम पाठ करावा. बाईचे दुःख ही तिची मालमत्ता आहे.

१८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी नायगावहून लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, तिला दिवस गेले. चिडलेला जमाव दोघांना मारायला निघाला. माईंनी मध्ये पडून, कायद्याची भीती दाखवून दोघांचे प्राण वाचवले आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. प्रेमविवाहाच्या नावाखाली आजही मुडदे पडतात अशा महाराष्ट्रात हे पत्र शाळेत वाचले गेले पाहिजे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या वर्षाच्या शेवटी पहिला सत्यशोधक विवाह भटजीशिवाय लागला. १८७६-७७ च्या दुष्काळात माई जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी गावांची स्थिती टिपली आहे. माणसे गाव सोडून चाललेली, जनावरे मरून पडलेली, आणि या संकटातही सावकारांची दडपशाही चालूच. सत्यशोधकांना पकडल्यावर त्या थेट कलेक्टरशी बोलल्या, कार्यकर्ते सुटले आणि भुकेल्यांसाठी ज्वारीच्या बैलगाड्या आल्या. एका पत्रात पाहणी, विश्लेषण आणि कृती तिन्ही आहेत, आणि लिहिणारी स्वतः त्या धुळीत उभी आहे.

शिक्षणाच्या या कामाचा हिशेब १८८२ मध्ये सरकारपुढे मांडला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातले मूल कोरडेच राहते, हे त्यांनी दाखवले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, मुले टिकावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, अशा मागण्या केल्या. या मागण्या दोघांनी चालवलेल्या शाळांतल्या अनुभवातून आल्या होत्या. त्याच निवेदनात एक कडू गोष्टही आहे. नऊ-दहा वर्षे काम केल्यावर जोतीराव त्या शाळांच्या कामातून बाजूला झाले आणि मुलींच्या शाळा कमिटीमार्फत सरकारी शिक्षण खात्याकडे गेल्या. ज्यांनी उभे केले त्यांच्या हातून कारभार जाऊ शकतो, याचा हा जुना पुरावा आहे. आज निधी देणारी संस्था बदलली की वस्तीतला वर्ग बंद पडतो, तेव्हा हे आठवावे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले आणि त्या पुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. यशवंतने ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच सेवेत त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतीराव फुल्यांना गुरू मानले. शूद्र पूर्वी कोण होते हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. म्हणून माईंचा हा वारसा आपल्या घरचा आहे. प्रश्न आहे तो आपण तो कसा वापरतो याचा.

आपला पट्टा पाहा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आजही आपण पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतो. अंबरनाथ ऑर्डनन्स फॅक्टरी आणि काडेपेटीच्या कारखान्याभोवती वाढले. बदलापूर एमआयडीसी आणि लोकलच्या भरवशावर वाढतेच आहे. सुभाष टेकडीसारख्या वस्त्यांत आपला बौद्ध समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. घराघरांत मुली जीन्सचे धागे कापत बसतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि आठवी-नववीनंतर शाळेतून गळतात. या मुलींचे सर्वेक्षण होत नाही असे नाही. सर्वेक्षणे होतात, फॉर्म भरले जातात, फोटो काढले जातात. अहवाल मात्र वस्तीत परत येत नाही. ज्या मुलीने माहिती दिली, तिला आपल्या माहितीचे काय झाले हे कधीच कळत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाला आणि हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप रास्त होता. पण त्यानंतर वस्त्यांमध्ये पालकांशी बोलताना पुन्हा पुन्हा एकच सूर ऐकू आला : मुलीला संध्याकाळच्या क्लासला पाठवायचे की नाही? मुलींना कुठे भीती वाटते, कशामुळे वाटते, कोणावर विश्वास वाटतो, हे मुलींना बसवून विचारणारे फार थोडे होते. सुरक्षिततेच्या नावाने मुलगी घरात बसली, तर अत्याचार करणाऱ्याची शिक्षा तिने भोगली असे होईल.

मुलींनी स्वतः हे काम करावे, असे माझे म्हणणे आहे. विहारातल्या अभ्यासिकेत दर रविवारी दहा-बारा मुलींचा गट बसू शकतो. प्रश्न त्यांनीच काढावेत. शाळा का सुटते? घरापासून शाळेपर्यंत कुठे दिवा नाही, कुठे टोळकी बसतात, कोणत्या शाळेत मुलींचे शौचालय बंद असते? वस्तीचा नकाशा त्यांनीच कागदावर काढावा. शाळा सुटलेल्या मुलींशी त्यांनीच बोलावे, कारण त्या एकमेकींना जे सांगतील ते आपल्याला सांगणार नाहीत. जमलेली माहिती आधी वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचावी, आई-वडिलांसमोर, आणि मग उल्हासनगर महापालिकेकडे, अंबरनाथ किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेकडे निवेदन घेऊन जावे. निवेदनावर पहिली सही मुलींची असावी. दोन महिन्यांनी पुन्हा बसून काय बदलले ते तपासावे.

यात तीन गोष्टी पाळाव्या लागतील. कोणत्याही मुलीचे नाव किंवा तिची घरची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कागदावर येऊ नये. बोलताना एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर तो संशोधनाचा मुद्दा राहत नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करायचा आणि पोक्सो कायद्याप्रमाणे तक्रार होईल हे पाहायचे, हे आपले कर्तव्य आहे. आणि तिसरे, आपल्या गटातल्या मुलांनी आणि दादालोकांनी ऐकायची सवय लावावी. बैठकीत चहा बायकांनी करायचा आणि माईक पुरुषांनी धरायचा, हा प्रकार सावित्रीमाईंच्या प्रतिमेसमोर तरी थांबला पाहिजे.

ठाणे जिल्ह्याला हे नवे नाही. १९७० च्या दशकात पालघर भागात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, भूमिसेनेच्या आदिवासींनी आपल्या जमिनीचे आणि वेठबिगारीचे प्रश्न स्वतः अभ्यासून लढा उभारला. त्याचा अभ्यास १९७९ मध्ये जगभर वाचला गेला. निरक्षर मानल्या गेलेल्या माणसांनी ते केले. आपल्या मुली तर शाळेत गेलेल्या आहेत.

येत्या १० मार्चला सावित्रीमाईंचा स्मृतिदिन आहे. त्या दिवशी भाषणांची संख्या एकाने कमी करा आणि तो वेळ वस्तीतल्या मुलींना द्या. त्यांनी आणलेला नकाशा भिंतीवर लावा, त्यांचे प्रश्न ऐका, आणि त्याच बैठकीत एक काम ठरवून त्याची तारीख लिहून ठेवा.

जय भीम, जय सावित्री!